साभार परत

मराठींत 'साभार' आणि 'परत' हे दोन शब्द एकत्र कसे नांदतात, याचें मला पुष्कळ दिवस नवल वाटत असे. जें परत करावयाचें त्याबद्दल आभार कसले, आणि ज्याबद्दल मनापासून आभार मानावयाचे तें परत कां करावें? एका जावेनें आग्रहानें पाटावर बसवून पान वाढावें आणि दुसरीनें तेंच पान पुढून उचलून न्यावें, तसा हा प्रकार आहे. परंतु गेलीं जवळजवळ चाळीस वर्षें हे दोन शब्द पाहुणे म्हणून माझ्याकडे येत आहेत, आणि इतक्या येण्याजाण्यानंतर पाहुण्याचा स्वभाव थोडाफार कळूं लागतो. आलेल्या नकारांपैकीं बहुतेक मी त्याच दिवशीं विसरलें. अकरा पत्रें मात्र कपाटांतल्या एका पितळी डब्यांत जपून ठेवलीं आहेत. घरांतल्या मुलांना याचें हसूं येतें. नकार ही काय जपून ठेवावयाची वस्तु आहे? कांहीं नकार तसे असतात, असें माझें मत आहे.

पूर्वीं हा पाहुणा पोस्टानें येई. मासिकाकडे कथा पाठवितांना स्वतःचा पत्ता लिहिलेला व तिकिटें लावलेला लिफाफा सोबत जोडावा, असा शिरस्ता होता. म्हणजे आपल्या नकाराचा टपालखर्च आपणच आगाऊ भरावयाचा! शिवाय लिफाफ्यावर अक्षर आपलेंच असल्यामुळें पोस्टमन दारांत उभा राहतांच निकाल साऱ्या घराला कळे. आमचें घर मोठें. सासूबाई, मामंजी, दोघे दीर, जावा आणि मुलें मिळून पंधरा-सोळा पानें रोजची. साधें कार्ड आलें तर स्वीकार आणि जाड लिफाफा आला तर परत, हें ज्योतिष धाकट्या भावोजींनीं शोधून काढलें होतें. "वहिनी, आज जाड आहे," एवढेंच ते म्हणत, आणि कणकेंतले हात न काढतां मी म्हणें, "कोनाड्यांत ठेवा." सासूबाई मात्र सोडीत नसत.

"काय गं, काय लिहिलंय त्यांनी?"

"नाही म्हणाले. पण चांगलं लिहिलंय म्हणतात."

"अगं, चांगलं आहे तर मग छापत का नाहीत?"

या प्रश्नाचें उत्तर त्या वेळीं मला देतां येत नसे. आज थोडेंसें देतां येईल असें वाटतें. पण त्यासाठीं जरा लांबून यावें लागेल.

गोड नकाराची विद्या आपल्या समाजाला मुळींच नवी नाहीं. मुलगी पाहून गेल्यावर आठ-दहा दिवसांनीं येणारें पत्र ज्यांच्या घरीं आलें आहे, त्यांना मी काय सांगूं? मुलगी सुस्वरूप आहे, सुशील आहे, घराणें तर नांवाजलेलें. तथापि पत्रिका जुळत नसल्यानें निरुपाय आहे. बिचारा मंगळ! आपल्या घराघरांतून त्याच्या माथीं जेवढे नकार मारले गेले, त्यांतले निम्मे तरी त्यानें पाहिलेहि नसतील. या पत्रांत दया नसते असें नाहीं. परंतु ती कोणावर केलेली असते, हें नीट पाहिलें पाहिजे. पुष्कळदां ती लिहिणाऱ्यानें स्वतःवरच केलेली असते. खरें कारण सांगण्याचा संकोच टळतो, पुढें कोणाच्या कार्यांत समोरासमोर आलों तर ओशाळें व्हावें लागत नाहीं, आणि मुलीच्या बापाला मात्र आपल्या मुलीविषयीं कांहींहि कळत नाहीं. तें पत्र कोणत्याहि मुलीच्या बापाला तसेंच्या तसें पाठवितां आलें असतें.

वाङ्मयाच्या जगांत या पत्रिकेच्या जागीं निराळे शब्द येतात. माझी भाची अमेरिकेंत असते आणि इंग्रजींत कथा-कादंबऱ्या लिहिते. तिकडे मोठा प्रकाशक लेखकाचें बाड सहसा सरळ हातांत घेत नाहीं. मध्यें एजंट लागतो. लेखकानें त्याला पानभर पत्र लिहावयाचें, सोबत नमुन्याचीं कांहीं पानें जोडावयाचीं. त्याला पसंत पडलें तर तो प्रकाशक शोधून देतो आणि लेखकाच्या मिळकतींतून बहुधा शंभरांमागें पंधरा आपल्याकडे ठेवतो. आपल्या लग्नांतल्या मध्यस्थांना हा दर समजला नाहीं हें बरेंच झालें. भाचीला येणाऱ्या उत्तरांत मायाळूपणा ओतप्रोत असतो. लेखन कौतुकास्पद आहे. पण आमच्या यादींत बसत नाहीं. आवडलें; पण जीव जडावा इतकें नाहीं. हें केवळ आमचें मत, दुसऱ्या कोणाला निराळें वाटूं शकेल. पहिल्या उत्तरानें ती दिवसभर आनंदांत होती. दहाव्याच्या वेळीं तिच्या लक्षांत आलें कीं वाक्यें तींच आहेत. तेव्हांपासून ती मला विचारते, "मावशी, यांतलं माझ्यासाठी लिहिलेलं कोणतं?"

एजंटांना मी दोष देत नाहीं. आमच्या वाचनालयाच्या कथास्पर्धेंत परीक्षक म्हणून काम करतांना मलाहि नकार लिहावे लागले आहेत. होकार लिहावयास दोन मिनिटें पुरतात. नकार खऱ्या अर्थानें सौजन्यपूर्ण व्हावा असें मनांत असेल तर ती कथा पुन्हा काढावी लागते, कोठें जीव होता व कोठें तो गेला हें शोधावें लागतें, आणि तें लिहिणाऱ्याला सोसेल अशा शब्दांत मांडावें लागतें. यांत एक संध्याकाळ जाते. ज्याच्या टेबलावर रोज बाडांची चळत पडते त्यानें रोज इतक्या संध्याकाळी कोठून आणाव्या? म्हणून तो ठरलेलें गोड वाक्य उचलतो. सहृदय नकारांत दिलेली वस्तु वेळ ही आहे. शब्द त्या मानानें स्वस्त असतात.

असा वेळ देऊन लिहिलेल्या नकाराचा विचार करूं लागलें कीं मला इंग्लंडांतील यॉर्कशायरमधल्या हॉवर्थ गांवच्या एका धर्मोपदेशकाच्या घराची आठवण होते. त्या घरांत शार्लट, एमिली आणि ॲन ब्रॉंटी या तीन लेखिका बहिणी राहत. आई लहानपणींच गेलेली. एकुलता भाऊ पुढें व्यसनाच्या आहारीं गेलेला. वडिलांची दृष्टि उतारवयांत अधू झालेली. शार्लट या तिघींत थोरली. वयाच्या विसाव्या वर्षीं, म्हणजे १८३६ च्या डिसेंबरांत, तिनें त्या वेळचे राजकवि रॉबर्ट साउदी यांना आपल्या कविता पाठवून मत विचारलें. पुढच्या मार्चांत उत्तर आलें. साउदींनीं तिच्या अंगच्या गुणाचें नांव घेतलें, आणि मग वाङ्मय हें स्त्रीच्या आयुष्याचें कार्य होऊं शकत नाहीं व होऊंहि नये, असें सांगितलें. शार्लटनें त्यांचे नम्रपणें आभार मानले आणि आपल्या एकविसाव्या वाढदिवशीं त्या पत्राच्या वेष्टनावर, हा उपदेश कायम जपून ठेवावयाचा आहे, अशी नोंद केली. उपदेश जपला, आणि लिहिणेंहि चालूंच ठेवलें! साउदींचें पत्र निष्ठुर नव्हतें. एका अनोळखी मुलीला त्यांनीं विस्तारानें उत्तर दिलें हीच मोठी गोष्ट. परंतु त्यांचा उपदेश कवितेला उद्देशून नव्हता. ती लिहिणारी स्त्री आहे, एवढ्यालाच तो उद्देशून होता.

१८४६ सालीं तिघी बहिणींनीं पुरुषी वाटावींत अशीं टोपणनांवें घेऊन एक कवितासंग्रह स्वखर्चानें छापविला. वर्षभरांत त्याच्या दोन प्रती खपल्या. एवढ्यानेंहि न खचतां त्यांनीं आपापल्या कादंबऱ्या प्रकाशकांकडे धाडण्यास सुरुवात केली. शार्लटच्या कादंबरीचें नांव 'द प्रोफेसर'. ती एका दारावरून परत आली कीं बाई तेंच वेष्टन पुन्हा वापरी. जुन्या प्रकाशकाच्या नांवावर काट मारून त्याखालीं नवें नांव घाली. १८४६ च्या ऑगस्टांत वडिलांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करविण्यासाठीं ती त्यांना घेऊन मँचेस्टरला गेली होती. नेमक्या शस्त्रक्रियेच्या दिवशीं 'प्रोफेसर' आणखी एकदा परत आल्याचें तिच्या चरित्रकार श्रीमती गॅस्केल यांनीं नमूद केलें आहे. वडील अंधाऱ्या खोलींत डोळ्यांना पट्टी बांधून निजलेले, आणि शेजारीं ही मुलगी दुसरी कादंबरी लिहावयास बसलेली. ती कादंबरी म्हणजे 'जेन एअर'.

१८४७ च्या जुलैंत 'प्रोफेसर'चें पुडकें लंडनमधील स्मिथ, एल्डर आणि कंपनी या पेढीकडे गेलें. वेष्टनावर तीन-चार नांवें खोडलेलीं तशींच होतीं. पुढें पेढीचे मालक जॉर्ज स्मिथ यांनीं या खोडलेल्या नांवांची आठवण लिहून ठेवली आहे. आपलें बाड इतक्या ठिकाणांहून परत आलेलें आहे हें लपविण्याची कल्पनाहि त्या खेड्यांतल्या मुलीच्या मनाला शिवली नव्हती. पेढींत हस्तलिखितें वाचण्याचें काम विल्यम स्मिथ विल्यम्स हे गृहस्थ करीत. ते पूर्वीं एका शिळाछापखान्यांत हिशेबनीस होते. वाचनाची गोडी पाहून स्मिथांनीं त्यांना आपल्याकडे आणलें होतें. उत्तराचा लिफाफा फोडतांना, आंत दोन कोरड्या ओळी असणार, अशी शार्लटची खात्री होती. निघालें तें दोन पानांचें पत्र. छापण्यास नकारच होता. परंतु पुस्तकाचे गुण कोणते, उणीवा कोणत्या, हें इतक्या विचारानें व सभ्यतेनें लिहिलें होतें कीं, उद्धट शब्दांत आलेल्या स्वीकारापेक्षां या नकारानें आपल्याला अधिक उत्साह आला, असें तिनें पुढें सांगितलें आहे. शेवटीं एक व्यावहारिक गोष्टहि होती: तीन खंडांची कादंबरी असेल तर आम्ही लक्षपूर्वक पाहूं.

ही तीन खंडांची अट आज विचित्र वाटते. पण तिच्या मागें बाजाराचा सरळ हिशेब होता. त्या काळीं तीन खंडांच्या नव्या कादंबरीची किंमत साडेएकतीस शिलिंग असे. साधा वाचक ती विकत घेत नसे. वर्गणी घेऊन पुस्तकें फिरविणारीं ग्रंथालयें घेत. तीन खंड म्हणजे एकाच वेळीं तीन वाचकांकडे जाणारें पुस्तक. 'प्रोफेसर' त्या मानानें लहान होती. म्हणजे 'व्यापारी कारणास्तव' हे शब्द त्या पत्रांत मंगळाच्या जागीं आलेले नव्हते; तें खरेंच कारण होतें, आणि तें सांगितल्यामुळें पुढें काय करावें हें कळत होतें. शार्लटची नवी कादंबरी संपत आलीच होती. २४ ऑगस्टला तिनें ती रेल्वेनें रवाना केली; ऑक्टोबरांत 'जेन एअर' छापून बाजारांत आली आणि सारें इंग्लंड ती वाचूं लागलें.

येथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते, आणि ती सांगून लोक नवख्या लेखकाची पाठ थोपटतात. मला तिचा उरलेला भाग अधिक मोलाचा वाटतो. 'प्रोफेसर'चें काय झालें? शार्लट प्रसिद्ध झाली, तिचें नांव ऐकतांच पुस्तकें खपूं लागलीं, विल्यम्स आणि स्मिथ तिचे स्नेही झाले. तरीहि 'प्रोफेसर' त्यांनीं घेतली नाहीं. १८५१ सालीं तिनें पुन्हा विचारलें, पुन्हा नकार आला. आपल्या या अपत्याला नऊ वेळां नाकारलें जाण्याचा मान मिळाला आहे, तेव्हां त्याला आतां कपाटांत कोंडून ठेवतें, असें तिनें स्मिथांना थट्टेनें लिहिलें. मग त्या पुस्तकामागचा ब्रुसेल्सच्या शाळेंतला अनुभव तिनें पुन्हा हातीं घेतला आणि त्यांतून 'व्हिलेट' ही कादंबरी घडविली. ती १८५३ सालीं निघाली. 'प्रोफेसर' छापली गेली ती तिच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनीं, १८५७ सालीं. (जातां जातां सांगावयास हरकत नाहीं कीं, याच पेढींतले जेम्स टेलर नांवाचे गृहस्थ १८५१ सालीं पेढीच्या कामासाठीं मुंबईस आले. त्यांच्या विवाहेच्छेला शार्लटनें नकार दिला होता, असें बहुतेक चरित्रकार मानतात. म्हणजे साभार परत झालेला एक पाहुणा आपल्या मुंबईनेंहि पाहिला आहे.)

यावरून मी एवढें शिकलें कीं, सहृदय नकारांत सहृदयता खरी असते आणि नकारहि खरा असतो. एकीवरून दुसरा खोटा ठरवूं नये. कित्येकजण पत्रांतला गोडवा घेऊन नकार विसरतात आणि तेंच बाड त्याच दारांत पुन्हा घेऊन उभे राहतात. कित्येक नकार तेवढा घेतात आणि गोडव्याला ढोंग म्हणतात. सासूबाईंच्या प्रश्नाचें उत्तर येथें आहे. 'चांगलें आहे काय?' हा एक प्रश्न, आणि 'हें आम्हांला छापतां येईल काय?' हा दुसरा. मुलगी चांगली आहे म्हणून ती प्रत्येक घरीं सून होऊन जात नाहीं. आणि एका घरीं गेली नाहीं म्हणून तिच्यांत उणें आहे असेंहि ठरत नाहीं.

सहृदय माणूस नेहमीं बरोबरच असतो असेंहि नाहीं. १९४४ च्या जुलैंत टी. एस. एलियट या थोर कवीनें फेबर या प्रकाशनसंस्थेच्या वतीनें जॉर्ज ऑर्वेल यांस 'ॲनिमल फार्म' परत करतांना पत्र लिहिलें. लेखनाची त्यांनीं मोकळ्या मनानें वाखाणणी केली. पण राजकीय परिस्थितीवर टीका करण्याचा हा योग्य दृष्टिकोन आहे अशी आपली खात्री नाहीं, आणि त्या शेतावर खरी उणीव अधिक लोकहितदक्ष डुकरांची आहे, असें सुचविलें. पत्र सभ्य होतें, वाचून लिहिलेलें होतें. परंतु पुस्तक दुसऱ्या प्रकाशकानें १९४५ च्या ऑगस्टांत काढलें, आणि तें आजतागायत जगभर वाचलें जातें. ऑर्वेलनें एलियटांचे शब्द प्रमाण मानून डुकरांचा स्वभाव पालटला असता, तर जगाचें केवढें नुकसान झालें असतें!

आपल्या मराठींत अशा पत्रांची परंपरा म्हटली म्हणजे 'सत्यकथा' मासिकाचें नांव निघतें. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या संपादकांनीं परत पाठविलेल्या कथांबरोबर गेलेलीं सविस्तर पत्रें, आणि त्यांच्या सूचनांवरून दोन-दोन, तीन-तीन वेळां लिहिल्या गेलेल्या कथा, यांच्या आठवणी अनेक लेखकांनीं सांगितल्या आहेत. परंतु त्याच मासिकाचा अंक १९६९ सालीं बंडखोर तरुण लेखकांनीं जाहीरपणें जाळला, हेंहि विसरून चालणार नाहीं. जो आस्थेनें निवडतो त्याच्या निवडीलाहि कुंपण असतें. आणि ज्यांचें जगणें त्या कुंपणाबाहेरचें होतें, त्यांना आंतल्या सौजन्याचा उपयोग काय? १९८२ सालीं तें मासिक बंद पडलें. त्या पत्रांविषयींचा आदर आणि तो राग, दोन्ही मला समजूं शकतात.

आतां माझ्या डब्यांतल्या पत्रांविषयीं. माझ्या वडिलांची आत्या नवव्या वर्षीं विधवा झाली आणि पुढें सत्तर वर्षें आमच्या माहेरच्या घरांत राहिली. आम्ही मुलें तिला आत्याआजी म्हणत असूं. लाल आलवण, पहांटेचें सोंवळें आणि दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांचें न्हाऊमाखूं. भावाच्या मुलांच्या पाट्यांकडे पाहून ती आपली आपणच अक्षरें शिकली होती. ती गेल्यावर तिच्या ट्रंकेंत एक वही सांपडली. तींत पैशांचा हिशेब नव्हता. कोणत्या दिवशीं घरांत किती पानें झालीं आणि शेवटीं काय उरलें, एवढेंच ओळीनें लिहिलें होतें. शेवटीं जेवणारी तीच. 'उरलें' या शब्दापुढें कित्येक दिवशीं कांहींच लिहिलेलें नव्हतें.

त्या वहीवरून मीं कादंबरी लिहावयास घेतली. लिहितां लिहितां तींत माझे वडील आले, बेचाळीसची चळवळ आली, भूमिगत पत्रकें आलीं, रात्रीं मागल्या दारानें येणारे कार्यकर्ते आले. चारशें दहा पानें झालीं. १९८७ सालीं मीं ती पहिल्यांदा पाठविली. पांच ठिकाणांहून गोड उत्तरें आलीं. त्यांतलें एकहि डब्यांत नाहीं. सहावें पत्र १९९४ सालीं आलें. लिहिणाऱ्यांचें नांव मी देत नाहीं. त्यांना तें आवडलें नसतें. तीन पानें त्यांनीं हातानें लिहिलीं होतीं. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें होतें: तुमची आत्याआजी जेव्हां जेव्हां येते तेव्हां कागद जागा होतो. ती माजघरांत गेली कीं मी पुन्हा तिची वाट पाहत बसतों. उरलेलीं तीनशें पानें मीं कर्तव्य म्हणून वाचलीं. ही कादंबरी आम्ही छापूं शकत नाहीं.

पत्र खरें होतें, आणि म्हणूनच अवघड होतें. तीं तीनशें पानें माझ्या वडिलांचीं होतीं. अण्णा त्या वेळीं शहात्तर वर्षांचे होते. चळवळींतल्या दिवसांबद्दल ते आयुष्यांत कधीं बोलले नव्हते; माझ्या कादंबरीसाठीं पहिल्यांदा बोलले होते. हस्तलिखित त्यांनीं दोनदां वाचलें होतें, समासांत बारीक अक्षरांत तारखा दुरुस्त केल्या होत्या. छापील पुस्तकाची ते वाट पाहत होते, हें मला ठाऊक होतें. आठ दिवस मीं पत्र लपविलें. नवव्या दिवशीं त्यांनींच विचारलें आणि मीं तें त्यांच्या हातीं दिलें. त्यांनीं चष्मा लावून सावकाश वाचलें, घडी घातली आणि म्हणाले, "बरोबर लिहिलंय त्यांनी. मला काढून टाक. आत्याला एकदा तरी पहिल्या पंगतीला बसव."

तीं पानें काढावयास मला दोन वर्षें लागलीं. तोंवर अण्णा गेले होते. उरलीं ती एकशें पंधरा पानें, त्यांतहि निम्मीं नव्यानें लिहिलेलीं. काढलेला भाग मीं फाडला नाहीं; समासांतल्या अण्णांच्या अक्षरासह तो वेगळा बांधून ठेवला आहे. एकशें पंधरा पानें मीं त्याच गृहस्थांकडे पाठविलीं. आतां पुस्तक बिनतोड झालें आहे, असें त्यांनीं लिहिलें. परंतु इतकें लहान पुस्तक दुकानदार ठेवीत नाहींत, म्हणून संस्थेला घेतां येत नाहीं. तें वाचतांना मला शार्लटबाईंच्या तीन खंडांची आठवण झाली आणि हसूं आलें. घरांतल्या मंडळींना वाटलें, या खेपेस कार्ड आलें!

सहृदय नकाराचा एक धोका मात्र सांगितला पाहिजे. तो माणसाला उंबऱ्यावर बसवून ठेवूं शकतो. कोरडा नकार मिळालेला माणूस उठून दुसरीकडे जातो. गोड नकार मिळालेला आंतून पुन्हा हांक येईल म्हणून कान देऊन बसतो, आणि त्यांत वर्षें निघून जातात. म्हणून अशा पत्राला मी तीन प्रश्न विचारतें आणि भाचीलाहि तेच विचारावयास सांगतें. माझें लेखन वाचल्यावांचून जें लिहितां आलें नसतें, असें एकतरी वाक्य यांत आहे काय? नकाराचें कारण लेखनांत आहे, कीं त्यांच्या दुकानांत आहे, हें कळतें काय? आणि वाचून झाल्यावर उद्यां सकाळीं करावयाचें कांहीं काम मला मिळतें काय? तिन्हींचें उत्तर 'नाहीं' असेल, तर पत्र कितीहि गोड असो, तें मंगळाच्या खातीं जमा करावें आणि पुढें जावें. एकाचें जरी 'होय' असेल, तर त्या माणसानें आपल्याला त्याची एक संध्याकाळ दिली आहे. ती वायां घालवूं नये. भाचीनें अशीं दोन पत्रें आपल्या ई-मेलच्या ढिगांतून शोधून काढलीं. ढीग मोठा होता. पण दोन निघालीं.

आतां लिफाफे गेले, पोस्टमनचें ज्योतिष गेलें, भावोजीहि थकले. नकार मोबाइलवर येतात आणि पुष्कळदां येतहि नाहींत; ठराविक मुदतींत उत्तर न आल्यास नकार समजावा, अशी सूचना आधींच दिलेली असते. त्या मौनापुढें 'साभार परत' हे दोन शब्दहि मला आतां शिष्टाचाराचे वाटतात. तरीहि डब्यांतलें अकरावें पत्र गेल्या वर्षींचें आहे. एका तरुण संपादिकेनें तें ई-मेलनें पाठविलें आणि मीं तें छापून घेऊन डब्यांत ठेवलें. सध्यां आम्ही नवीं पुस्तकें घेत नाहीं, असें तिनें आरंभींच स्पष्ट केलें आहे. पुढें तिनें विचारलें आहे: कादंबरींत जिचा उल्लेख येतो ती वही खरोखर आहे काय? असेल तर तिचीं पानें जशींच्या तशीं पुस्तकाच्या शेवटीं कां नसावींत?

तिला नकार द्यावयाचाच होता. हा प्रश्न विचारण्याचें तिला कांहीं कारण नव्हतें. वही आहे. कागद पिवळा पडून कडा झडूं लागल्या आहेत, आणि आत्याआजीचीं ऱ्हस्व-दीर्घें सर्वस्वी तिचींच आहेत. तीं मी सुधारणार नाहीं. रोज दुपारीं चार पानें उतरावयाचीं असा नेम धरला आहे. थोरल्या जाऊबाई शेजारीं बसून वाचून दाखवितात, कारण माझी दृष्टि आतां फिक्या शाईवर ठरत नाहीं. परवां त्यांनीं एका ओळीपाशीं थांबून विचारलें, "येथें 'उरलें' च्या पुढें जागा मोकळी आहे. काय लिहूं या?" मीं सांगितलें, मोकळीच ठेवा. ज्येष्ठाच्या आंत काम संपेल असा अंदाज आहे. मग एकशें पंधरा पानें आणि ही वही मिळून पुन्हा धाडावयाचीं आहेत, कोठें तें अजून ठरलेलें नाहीं.